बीज उघडं पाडू नका: गाईंच्या आयव्हीएफ लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकजवळच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये दरवर्षी काही नवी मुलं-मुली शिकायला येतात. कुणी व्हेटर्नरीची पदवी घेऊन, कुणी बायोटेकचं एमएस्सी करून. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली गाईचं बीज, म्हणजे तिची अंडपेशी, पहिल्यांदा दिसलं की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "मॅडम, याच्याभोवती हे काय चिकटलंय? धुऊन काढू का?"

काढू नका. तो मळ नाही. त्या क्युम्युलस पेशी आहेत. बीज पिकणार की नाही, फळणार की नाही, याचा मोठा वाटा त्यांच्याकडे असतो. लॅटिनमध्ये क्युम्युलस म्हणजे ढीग, आणि दिसतंही तसंच: मधोमध गोल, गडद बीज आणि सगळीकडून त्याला बिलगलेला पेशींचा दाट ढीग. बीज आणि हा ढीग मिळून जे होतं त्याला लॅबमध्ये सीओसी म्हणतात. पुढचं सगळं काम सीओसीचं आहे, नुसत्या बीजाचं नाही, एवढं मनाशी पक्कं धरून चला.

आधी समजून घ्या: या पेशी करतात काय

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण इथे आहे.

गाईचं बीज आवरणासह साधारण १५० मायक्रॉनचं, म्हणजे एका मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढं. त्याभोवती झोना पेलुसिडा नावाचं पारदर्शक आवरण असतं. क्युम्युलस पेशी या आवरणाबाहेर असतात, पण त्यांच्या बारीक शाखा आवरण भेदून थेट बीजाच्या पृष्ठभागापर्यंत गेलेल्या असतात. शाखेचं टोक बीजाला टेकतं तिथे गॅप जंक्शन नावाच्या सूक्ष्म वाटा असतात आणि त्यांतून लहान रेणूंची ये-जा चालते.

या वाटेने बीजाला जेवण मिळतं. बीजाला स्वतःला ग्लुकोज नीट वापरता येत नाही. क्युम्युलस पेशी ग्लुकोज फोडतात आणि त्याचं पायरुव्हेट करून बीजाला देतात. ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य बीजात साठवायलाही त्या मदत करतात. हे ग्लुटाथायोन पुढे फलनाच्या वेळी लागतं: शुक्रजंतूचं डोकं घट्ट बांधलेलं असतं, ते बीजाच्या आत सैल झालं नाही तर नराचं केंद्रक तयारच होत नाही. बीज भेदलं गेलं आणि तरी पुढे काही झालं नाही, अशा वेळी चूक कधी कधी आदल्या दिवशी, पिकण्याच्या पायरीवर झालेली असते.

याच वाटेने ब्रेकही पोचतो. फॉलिकलमध्ये, म्हणजे बीजांडकोशातल्या द्रव भरलेल्या पिशवीत, असताना बीज मिओसिसच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) मध्येच थांबलेलं असतं. भोवतालच्या पेशींकडून येणारं सीजीएमपी नावाचं संदेशद्रव्य त्याला थांबवून धरतं. गाय माजावर आली आणि एलएच या हार्मोनची लाट उठली, की फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी ईजीएफ या प्रथिनासारखे संदेश पाठवतात, क्युम्युलस पेशी ते ऐकतात, वाटा बंद होऊ लागतात, सीजीएमपी कमी होतं आणि बीज पुढे सरकतं. त्याच वेळी क्युम्युलस पेशी हायल्युरोनिक आम्लाचा बुळबुळीत, ताणला जाणारा थर स्रवतात आणि एकमेकींपासून दूर सरतात. घट्ट ढीग फुलतो. याला आपण 'एक्स्पान्शन' म्हणतो. गाईमध्ये एलएचच्या लाटेपासून बीज सुटेपर्यंत साधारण २४ ते ३० तास जातात. लॅबमध्ये आपण २२ ते २४ तास का देतो, ते यावरून लक्षात येईल.

बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. बीजही गप्प नसतं. जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिनं सोडून ते या पेशींना सांगत असतं की तुम्ही क्युम्युलसच राहा, फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशींसारख्या होऊ नका.

आता फसवणारी गोष्ट. १९३५ साली पिंकस आणि एन्झमान यांनी सशाची बीजं फॉलिकलमधून बाहेर काढली आणि त्यांना दिसलं की ती आपोआप पुढे सरकतात, कुठल्याही हार्मोनशिवाय. गाईचं बीजही तसंच वागतं. क्युम्युलस पेशी पूर्ण सोलून काढल्या तरी त्यातली बरीच बीजं पोलर बॉडी (जादा गुणसूत्रं घेऊन बाहेर पडणारी छोटी पेशी) बाहेर टाकतात आणि मेटाफेज-दोनला, म्हणजे फलनाआधीच्या टप्प्याला, पोचतात. मायक्रोस्कोपखाली ती 'पिकलेली' दिसतात. पण केंद्रक पिकलं म्हणजे बीज पिकलं असं नाही. आतला जीवद्रव्याचा साठा, ग्लुटाथायोन, पेशी-अंगकांची मांडणी हे सगळं भोवतालच्या पेशींच्या साथीनेच पूर्ण होतं. कच्चा आंबाही बाहेरून पिवळा करता येतो.

पायरी १: बीजं कुठून आणायची

महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी २०१५ पासून लागू आहे आणि गाईंसाठी ती त्याच्याही आधीपासून होती. त्यामुळे परदेशी पुस्तकांत 'कत्तलखान्यातून गाईचे बीजांडकोश आणा' असं लिहिलेलं असतं, ते इथे लागू नाही. आपल्याकडे सराव होतो म्हशीच्या बीजांडकोशांवर, तेही परवाना असलेल्या ठिकाणाहून, कागदपत्रांसह. गाईचं बीज मिळतं ते जिवंत दाता गाईकडून, ओपीयूने, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या मदतीने योनीमार्गातून सुई नेऊन.

म्हशीवर शिकताना निराश होऊ नका. तिच्या बीजांडकोशात फॉलिकल मुळातच कमी असतात, त्यामुळे एका बीजांडकोशातून कामाची एक-दोन बीजंच हाती येतात. गीर किंवा आपल्या डांगीसारख्या देशी वंशाच्या गाईंमध्ये एका वेळी फॉलिकल जास्त दिसतात. म्हणूनच ब्राझीलमध्ये गीरवर आयव्हीएफचं काम एवढं वाढलं.

बीजांडकोश आणायचे ते कोमट सलाइनमध्ये, अँटिबायोटिक घालून, थर्मासमध्ये, ३० ते ३७ अंशांच्या दरम्यान, आणि चार-पाच तासांच्या आत. बर्फ अजिबात नको.

पायरी २: बीज काढताना ओढाताण नको

सगळ्यात जास्त क्युम्युलस पेशी या पायरीवर वाया जातात, आणि नव्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

बीजांडकोशावरचे २ ते ८ मिलिमीटरचे फॉलिकल निवडा. बीजांडकोशावर काम करत असाल तर १८ गेजची सुई आणि सिरिंज घ्या. सिरिंजचा दट्ट्या एकदम मागे खेचू नका. सुईतून जोरात येणारा प्रवाह पेशींना बीजापासून ओरबाडतो. ओपीयूमध्ये हीच गोष्ट व्हॅक्यूम पंपाबाबत. दाब वाढवला की बीजं जास्त मिळतात, असं आधी वाटतं. डिशमध्ये बघितलं की कळतं, त्यातली बरीच अर्धी उघडी किंवा पूर्ण नागडी आलेली असतात. सुई, नळीची लांबी आणि पंप बदलला की दाबाचा आकडा बदलतो, म्हणून सुईतून मिनिटाला किती मिलिलिटर द्रव येतो ते मोजा आणि तो हळूहळू वाढवत जाऊन तुमच्या यंत्रणेसाठी योग्य दर ठरवा.

द्रवात हेपारिन असायलाच हवं. नाहीतर रक्ताची गाठ होते, सीओसी तिच्यात अडकतात आणि त्या सोडवताना पेशी जातात. ओपीयूने मिळालेल्या सीओसीवर मुळातच पेशींचे थर थोडे कमी असतात, त्यामुळे इथे प्रत्येक थर मोलाचा.

पहिलं बीज फॉलिकलमधून निघालं ती वेळ लिहून ठेवा. ब्रेक सुटला तो त्याच क्षणी.

पायरी ३: निवड

मी शिकत होते तेव्हा माझी एक समजूत होती: बीज जितकं स्वच्छ, तितकं चांगलं. बारीक तोंडाच्या पिपेटने मी ती इतक्या वेळा वर-खाली केली की बहुतेक काचेच्या मण्यांसारखी लख्ख झाली. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. फलन झाल्यानंतर ४८ तासांनी बघितलं तर जवळजवळ सगळी जशीच्या तशी, एकाच पेशीची. एका दाता गाईचा अख्खा दिवस मी वाया घालवला होता. तिच्या मालकाला ते सांगताना मला जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख.

निवड करताना बीजाकडे बघाच, पण आधी त्याच्या भोवती बघा. लासलगावचा कांदा बघावा तसं: वरचे पापुद्रे घट्ट आणि सगळीकडून आहेत का?

पहिली प्रत: चार-पाच किंवा जास्त थर, घट्ट, सगळीकडून, आतलं बीज एकसारखं गडद आणि बारीक दाणेदार. दुसरी प्रत: दोन-तीन थर, पण सलग. तिसरी: थर अर्धवट, एका बाजूला झोना उघडा. त्यानंतर नागडी बीजं, आणि ज्यांच्या पेशी आधीच फुलून काळ्या गुठळ्या झाल्यात ती. ती बहुतेक सुकत चाललेल्या फॉलिकलची.

एक बारकावा आहे. बाहेरचा थर जरासा सैल झालेलं आणि थोडं काळसर दिसणारं सीओसी नवी मुलं लगेच बाद करतात. तसं करू नका. फॉलिकल उतरणीला नुकतंच लागलेलं असेल तर आतलं बीज कित्येकदा चांगलं तयार असतं. ते वेगळ्या थेंबात ठेवा आणि निकाल स्वतः बघा.

पिपेटचं तोंड सीओसीपेक्षा बरंच रुंद हवं. बीज १५० मायक्रॉनचं असलं तरी पेशींसह ढीग त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो.

पायरी ४: तापमान आणि हवा, नाशिकच्या हिशोबाने

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो हे द्राक्षबागायतदारांना विचारा. त्या दिवसांत लॅबमध्ये सकाळी उघड्या टेबलावर ठेवलेली डिश दोन मिनिटांत गार पडते. गाईच्या शरीराचं तापमान ३८.५ अंश. बीज थंड पडलं की गुणसूत्रं धरून ठेवणारा स्पिंडल विस्कटतो आणि पेशींची पटलंही दुखावतात. गरम स्टेजचा आकडा ३८.५ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. डिशमधल्या थेंबात बारीक प्रोब घालून मोजा. काच, प्लॅस्टिक आणि हवा यांत दोन-तीन अंश सहज जातात.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, त्यामुळे इनक्युबेटरवर ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लावला तरी माध्यमात, म्हणजे बीजं ठेवायच्या पोषक द्रवात, विरघळणारा वायू थोडा कमी पडतो आणि पीएच वर सरकतो. त्यामुळे पुस्तकातल्या टक्केवारीवर विसंबू नका. माध्यमाचा पीएच मोजून, तो ७.२ ते ७.४ मध्ये राहील असा वायू ठरवा. आमच्याकडे तो ५ पेक्षा थोडा वर ठेवावा लागतो.

बाहेर हाताळताना हेपेस (हवेत पीएच सांभाळणारं द्रव्य) असलेलं माध्यम, इनक्युबेटरमध्ये बायकार्बोनेटवालं. दोन्हींची अदलाबदल झाली की पीएच बिघडतो. सिन्नर, इगतपुरीकडच्या गोठ्यावर ओपीयू केलं तर सीओसी तिथेच निवडून, आधीच वायूने स्थिरावलेल्या माध्यमाच्या नळीत, पोर्टेबल इनक्युबेटरमधून आणा. आणि इनक्युबेटरला बॅकअप नसेल तर ओपीयूची तारीखच घेऊ नका.

पायरी ५: पिकवणं

माध्यम आदल्या दिवशी किंवा निदान तीन-चार तास आधी इनक्युबेटरमध्ये ठेवून स्थिर करा. नेहमीचं मिश्रण: टीसीएम-१९९ हे मूळ माध्यम, १० टक्के सीरम, एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ही हार्मोन्स, थोडं पायरुव्हेट आणि अँटिबायोटिक. बरेच जण सिस्टिअमाइनही घालतात, ग्लुटाथायोन वाढावं म्हणून. एफएसएच इथे बीजासाठी नसून क्युम्युलस पेशींसाठी आहे, हे ध्यानात ठेवा.

५० मायक्रोलिटरच्या थेंबात दहा सीओसी, वर मिनरल ऑइल, ३८.५ अंश, पूर्ण आर्द्रता. एकटंदुकटं सीओसी मोठ्या थेंबात ठेवू नका. ती समूहाने बरी पिकतात.

मग दार बंद. मधेमधे बघण्याचा मोह आवरा. सहा ते नऊ तासांच्या सुमारास केंद्रकाचं पटल विरघळतं, अठरा ते बावीस तासांत पोलर बॉडी येते, पण हे काही पेशींच्या आडून दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नाही. २२ तासांनी ढीग फुलला आहे का, एवढंच बघायचं. चांगलं फुललेलं सीओसी मूळच्या कित्येक पट मोठं होतं आणि कापसाच्या बोंडासारखं दिसतं.

पायरी ६: फलन, पेशींसकट

ही पायरी लांब आहे, पण क्युम्युलसपुरतं बोलायचं तर तीन गोष्टी.

धुवा, पण सोलू नका. पिकवण्याच्या माध्यमात ग्लुकोज आणि सीरम असतं. ग्लुकोज गाईच्या जातीत हेपारिनने होणाऱ्या शुक्रजंतूंच्या तयारीत अडथळा आणतं. म्हणून फलनाच्या टाल्प माध्यमात ते घालत नाहीत. सीओसी दोन-तीन थेंबांतून फिरवून मगच फलनाच्या थेंबात टाका. फुललेलं सीओसी चिकट असतं. पिपेट रुंद घ्या आणि आधी अल्ब्युमिन असलेल्या माध्यमाने ओली करा, नाहीतर काचेला चिकटून पेशी मागे राहतात.

पेशी का ठेवायच्या? शुक्रजंतू त्या चिकट जाळ्यात शिरतात, तिथे अडकून बीजाजवळ राहतात, कमकुवत जंतू मागे पडतात. पेशी प्रोजेस्टेरॉन स्रवतात, त्याने जंतूंना चालना मिळते. ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासूनही त्या जंतूंना आणि बीजाला जपतात. फलनाच्या आधी पेशी काढल्या तर गाईमध्ये फलनाचं प्रमाण स्पष्टपणे खाली येतं. सुट्या पेशी थेंबात परत टाकल्या तर थोडं भरून येतं, पूर्ण नाही. बिलगलेल्या पेशींना पर्याय नाही.

तिसरं, मात्रा. परकॉल या दाट द्रवाच्या दोन थरांतून शुक्रजंतू वेगळे करा, दर मिलिलिटरला १० ते २० लाख, हेपारिन १० मायक्रोग्रॅमच्या आसपास. प्रत्येक वळूला हेपारिन थोडं वेगळं लागतं. नवा वळू आला की आधी म्हशीच्या किंवा दुय्यम बीजांवर चाचणी करा असं सांगणारे भेटतील. म्हशीच्या बीजावर गाईच्या वळूची परीक्षा होत नाही. गाईचीच तिसऱ्या प्रतीची बीजं त्यासाठी राखून ठेवा.

पायरी ७: आता काढा

फलनाच्या थेंबात टाकल्यापासून १८ ते २० तासांनी या पेशींचं काम झालेलं असतं. ठेवल्या तर मरतात आणि माध्यम खराब करतात. थोड्या माध्यमात सीओसी घेऊन छोट्या नळीत दोन-तीन मिनिटं व्होर्टेक्सवर फिरवा. झोनाला अगदी चिकटलेला शेवटचा थर राहिला तर राहू द्या, त्यासाठी पुन्हा पुन्हा फिरवू नका. मग एसओएफसारख्या माध्यमात, ५ टक्के ऑक्सिजनमध्ये. दोन दिवसांनी विभाजन बघा, सातव्या-आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेला गर्भ. घडी बसलेल्या लॅबमध्ये गाईची ७० ते ८० टक्के बीजं विभागतात आणि साधारण ३० ते ४० टक्के ब्लास्टोसिस्टपर्यंत जातात. पहिल्याच महिन्यात या आकड्यांची अपेक्षा धरू नका.

बिघडलं तर कुठे बघायचं

ढीग फुललाच नाही: एफएसएच आधी तपासा. तीच कुपी वारंवार गोठवली-वितळवली असेल तर ती निकामी झालेली असते. मग सीरमची बॅच, मग वायू.

ढीग छान फुलला, पण विभाजन कमी: पेशींना दोष देऊ नका, शुक्रजंतू, वळू, हेपारिन बघा.

विभाजन चांगलं, ब्लास्टोसिस्ट नाहीत: बहुतेक वेळा बीजच कच्चं होतं. मागे जा, निवडीचे फोटो काढलेत का? मे महिन्यात संकरित होल्स्टिन दाता असेल तर उन्हाचाही हात असतो. फॉलिकल वाढायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे उन्हाचा तडाखा पाऊस पडून गेल्यावरही बीजांत दिसत राहतो. गणपतीपर्यंत निकाल मंद राहिले तरी लॅबची उलथापालथ करू नका.

पहिल्या महिन्याचा सराव

म्हशीची पहिल्या-दुसऱ्या प्रतीची सीओसी तीन डिशमध्ये वाटा. पहिलीत पेशी फलन होईपर्यंत ठेवा. दुसरीत पिकवण्याआधीच सोला. तिसरीत पिकवून झाल्यावर, पण फलनाआधी सोला. माध्यम, रेडा, वेळ सगळं सारखं. फलनासाठी अर्थातच म्हशीच्या रेड्याची रेतमात्रा वापरा. प्रत्येक डिशमधली काही बीजं पिकवून झाल्यावर होक्स्ट या केंद्रक चमकवणाऱ्या रंगाने रंगवून केंद्रक बघा, बाकीची पुढे न्या. केंद्रकाच्या मोजणीत तिन्ही डिश एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ दिसू शकतात. विभाजनाच्या आणि त्यापुढच्या दिवसांत त्या वेगळ्या होतात, आणि दुसरी सर्वांत मागे पडते.

हा प्रयोग लागोपाठ तीन वेळा करा, आकडे स्वतःच्या हाताने वहीत लिहा. तिसऱ्या वेळेस पहिल्या डिशचे आकडे स्थिर आले, की ओपीयूच्या दिवशी निवडीच्या टेबलावर तुमची खुर्ची लागेल.